शेंडा वाळला, पण कधीपासून? सातपुड्याच्या पायथ्याच्या सागाचं एक प्रकरण

मृगाच्या तोंडावर वादळ आलं की आमच्याकडे बातमी होते ती केळीची. रावेर-यावल पट्ट्यात घड लागलेल्या बागा आडव्या झाल्या की पंचनामे, फोटो, पुढाऱ्यांचे दौरे. डोंगरात सागाची चार झाडं पडली तर ती गोष्ट वनरक्षकाच्या डायरीपलीकडे जात नाही. २०२४च्या पावसाळ्याआधी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाच्या रानात अशीच दहा-बारा झाडं पडली, आणि तीन वर्षं ग्रामसभेत रेंगाळलेला एक वाद त्यांच्यामुळे मिटला. निदान निम्मा तरी मिटला.

गावाचं नाव लिहीत नाही. वस्ती पावरा आदिवासींची, थोडी घरं तडवींची. २००६च्या वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक हक्क मिळालेला आहे, म्हणजे जंगलाची राखण आणि वापर ग्रामसभा ठरवते. जंगल खानदेशातल्या कोणत्याही पायथ्यासारखंच: साग जास्त, त्यात अंजन, धावडा, सलई, मोह, टेंभुर्णी. मधून एक नाला जातो. नाल्याच्या अलीकडचं ते खालचं रान, पलीकडे चढावर ते वरचं रान. मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. ग्रामसभेच्या वतीने जंगल सांभाळणाऱ्या समितीचा सचिव माझा जुना विद्यार्थी, म्हणून या भानगडीत ओढला गेलो.

वाद काय होता

वरच्या रानात २०२१च्या सुमारास सागाचे शेंडे वाळायला लागले. बुंधा जिवंत, मधल्या फांद्यांना पानं, टोकाला मात्र काटक्यांचा खराटा. खालच्या रानात यातलं काही नाही. मधे फक्त नाला, हाकेच्या अंतरावर.

ग्रामसभेत तीन मतं पडली. पोरं म्हणायची, कीड आहे. म्हातारी माणसं म्हणायची, पाऊस हटला. आणि समितीतले दोघे-चौघे म्हणायचे, झाडं म्हातारी झाली, तोडून टाका, नवं रोपवन लावा, चार वर्षं मजुरी मिळेल. तिसऱ्या मतात रोजगार होता, त्यामुळे त्याला आपोआप वजन होतं.

किडीचं मत हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. भाद्रपदात सागाच्या पानांची चाळणी होते, शिरा राहतात आणि मधला हिरवा भाग अळी खाऊन जाते, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ही जाळी करणारी अळी वेगळी. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच कोवळी पानं फस्त करणारी, हायब्लिया नावाच्या पतंगाची अळी वेगळी. या दुसरीने किती नुकसान होतं ते केरळ वन संशोधन संस्थेच्या लोकांनी निलंबूरच्या तरुण सागवनात मोजलं होतं. झाडाची जेवढी वाढ होऊ शकली असती त्यातली सुमारे ४४ टक्के अळीने खाल्ली होती. झाड मेलं नव्हतं, फक्त वाढलं नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याला ते हिरवंगारच दिसणार.

दुष्काळाचं मत तर खोडणं आणखी अवघड. २०१८च्या ऑक्टोबरअखेरीस सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा जळगाव-धुळ्यातल्या कोणाला आश्चर्य वाटलं नाही. त्याआधी २०१५, २०१२, २००९. आमच्याकडे माणसाचं वय सांगताना अजून दुष्काळाचं साल सांगतात. पण माझ्या मनात एक खोच होती: दुष्काळ नाला बघून पडत नाही. कीडही नाल्याशी येऊन थांबत नाही, तिला पंख असतात.

दहा चकत्या

पडलेली झाडं वनविभागाने मोजली, हातोड्याचे शिक्के मारले आणि तोडून डेपोला न्यायची तयारी केली. त्याआधी वनपाल साहेबांना विनंती करून प्रत्येक खोडाची एक-एक चकती मागून घेतली. कमरेएवढ्या उंचीवरून कापलेली, तीन बोटं जाडीची. वरच्या रानातल्या सहा, खालच्या चार. प्रत्येकीवर खडूने बाण काढला: चढाची बाजू कुठली, उताराची कुठली. हा बाण काढायला सांगितलं सचिवाच्या म्हाताऱ्या बाबांनी. मी विसरलो होतो, आणि पुढे सगळी गोष्ट त्या बाणावरच येऊन ठेपली.

माझे वडील सुतार. लहानपणी सुट्टीत रंध्याच्या सालपटांत लोळलेला माणूस मी, त्यामुळे लाकूड हातात आलं की बरं वाटतं. चकत्या उन्हात ठेवल्या तर तडकतात, म्हणून महिनाभर ओसरीत सावलीत ठेवल्या. मग पॉलिश पेपर: आधी ८० नंबर, मग १२०, २२०, शेवटी ४००. तेवढ्यानेही छिद्रांत भुसा अडकतो आणि सगळं धूसर दिसतं. म्हणून सालीपासून गाभ्यापर्यंत बोटभर रुंदीची एक पट्टी ओली करून नव्या ब्लेडने तासली. लोणी कापल्यासारखं पातं फिरलं पाहिजे. जिथे पातं अडखळतं तिथे लाकडाचे तंतू चिरडतात आणि वाचण्यासारखं काही उरत नाही. मग त्या पट्टीवर वर्गातला पांढरा खडू घासून तळहाताने पुसला. लाकूड तपकिरीच राहिलं, छिद्रांत तेवढा खडू बसला, आणि दर वर्षाच्या सुरुवातीला पांढऱ्या ठिपक्यांची एक-एक माळ उमटली. विद्यार्थ्यांना दहापटीच्या भिंगातून दाखवलं तेव्हा एक पोरगी म्हणाली, "सर, हे तर मेंदीच्या कोनाने काढल्यासारखं आहे."

सागाचं वर्ष समजलं की ही माळ समजते. उन्हाळ्यात झाड निष्पर्ण असतं. पावसाच्या सुमारास पालवी फुटते, आणि त्याच वेळी सालीखालचा वाढीचा थर जागा होऊन आधी मोठ्या नळ्या घडवतो, नुसत्या डोळ्यांना सुईने टोचल्यासारख्या दिसतील एवढ्या. या नळ्यांतूनच पानांकडे पाणी चढतं. त्यांच्याभोवती फिकट, मऊ पेशींची किनार असते. पुढे श्रावण-भाद्रपदात पानं भरपूर काम करू लागली की जाड भिंतींचे तंतू तयार होतात, त्यांत नळ्या थोड्या आणि लहान. हे घट्ट, गडद लाकूड. दिवाळीच्या आसपास काम मंदावतं, मग बंद. पुढल्या वर्षी पुन्हा मोठ्या नळ्या. गडद संपून एकदम मोठी छिद्रं सुरू होतात, ती धारदार रेघ म्हणजे वर्षाची हद्द, आणि दोन हद्दींमधला पट्टा म्हणजे त्या वर्षाचं वलय.

एक गोष्ट आमच्या घरात मी पन्नास वर्षं ऐकत आलो होतो: बारीक रेषेचा साग चांगला, रुंद रेषेचा फोपशा. वडिलांनी त्यावर दुकान चालवलं, पण या चकत्यांपुढे ते वाक्य पुरलं नाही. वर्षाची सुरुवातीची मोठी छिद्रं झाड जवळजवळ दरवर्षी करतंच, पानं काढायची तर पाणी लागणारच. वाढ आटते तेव्हा काटछाट होते ती नंतरच्या घट्ट लाकडात. म्हणजे फार अरुंद वलयात छिद्रंच जास्त आणि तंतू कमी. वरच्या रानातल्या दोन चकत्यांवर सालीजवळ पटाशी लावली तर लाकूड कापलं जाण्याऐवजी भुगा होऊन सुटत होतं. बारीक रेषा होती, लाकूड चांगलं नव्हतं.

(अंजनावर हा प्रयोग करू नये. त्याचं लाकूड एवढं जड की पाण्यात बुडतं, ब्लेडची धार जाते, आणि वर्षाच्या रेघा इतक्या अस्पष्ट की मोजणारा हार मानतो. अंजनाच्या तब्येतीला दुसरे उपाय शोधावे लागतील.)

चुकलेली मोजणी

झाडं जूनच्या सुरुवातीला पडली, म्हणजे सालीला लागून असलेलं शेवटचं पूर्ण वलय २०२३चं. तिथून आत मोजत गेलो. खालच्या रानातल्या चारही चकत्यांत २०१८ बारीक, २०१५ बारीक, २००९ बारीक. अपेक्षेप्रमाणे. वरच्या रानात मात्र उलटंच. २०१७ बारीक निघालं आणि २०१८ शेजारच्या वर्षांपेक्षा भरघोस. मी दोन दिवस त्यावर तर्क लढवत बसलो: चढावर जमीन उथळ, मुळं वेगळी, कदाचित खडकातल्या भेगांतलं पाणी, वगैरे. विद्यापीठाच्या पेपरात शोभेल असं स्पष्टीकरण जवळपास तयार होतं.

ते ऐकून सचिवाचे बाबा म्हणाले, "मास्तर, त्या साल पानीच पडनं नही. झाड काय दगड खाईसन फुगनं का?"

झालं असं होतं की २०२३च्या वलयाची मी दोन वलयं मोजली होती. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आमच्याकडे लोकांना तो अधिक श्रावणाचं साल म्हणून आठवतो: दोन-दोन श्रावण, आणि पाऊस गायब. पोळा सप्टेंबरात गेला. वरच्या रानातली उथळ मातीतली झाडं त्या खंडात थांबली, गडद लाकडाची किनार बांधून मोकळी झाली, आणि सप्टेंबरात पाऊस आल्यावर पुन्हा कामाला लागली. खोटं वलय ते हेच. भिंगातून नीट पाहिलं तर फरक कळतो. खऱ्या हद्दीवर गडद लाकूड तुटून लगेच मोठ्या छिद्रांची माळ येते. खोट्या रेघेत गडदपणा दोन्ही बाजूंनी हळूहळू विरतो आणि पुढे मोठी छिद्रं येतच नाहीत. खालच्या रानात, नाल्याकाठच्या खोल मातीत, ही खोटी रेघ एकाही चकतीत नव्हती.

चूक पकडायची जुनी रीत कागदी पट्ट्यांची. प्रत्येक चकतीची एक पट्टी, प्रत्येक वर्षाला एक घर, वलय शेजारच्यांपेक्षा बारीक असेल तेवढी उंच रेघ. मग पट्ट्या एकमेकींखाली सरकवत जुळवायच्या. दुष्काळाच्या उंच रेघा एकाखाली एक आल्या की साल पक्कं. वलयांचं हे शास्त्र उभं करणारा डग्लस मुळात अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ, सूर्यावरच्या डागांचं चक्र झाडांत सापडतं का ते बघायला निघालेला. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी केरळातल्या सागावरून ५२३ वर्षांची वलयमालिका जुळवून त्यात मान्सूनचे जुने दुष्काळ ओळखले आहेत. आमच्या चकत्या जेमतेम चाळिशीच्या, पण पट्ट्यांची शिस्त तीच. वरच्या पट्ट्या एक घर सरकवल्या आणि सगळं जागेवर बसलं. २०१८ बारीक, २०१९ त्याच्यापेक्षा भरघोस. त्या वर्षी पाऊस जोरदार होता, हे सगळ्यांना आठवतं.

दोन्ही रानं, एकच दुष्काळ

आता खरी तुलना. दुष्काळाच्या वर्षी दोन्ही रानातली झाडं सारखीच आखडली. २००९ची वलयं शेजारी ठेवली तर कुठली वरची, कुठली खालची, हे मला ओळखता येत नव्हतं. फरक पुढच्या वर्षी सुरू होतो. खालची झाडं २०१०मध्ये सावरली, २०११पर्यंत पूर्ववत. वरच्या सहातली चार झाडं सावरलीच नाहीत. २०१२ने पुन्हा दाबलं, नंतर थोडं वर, २०१५ने पुन्हा. जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखं. २०१९च्या पावसाने थोडं उचललं, पण आधीच्या चांगल्या वर्षांच्या पासंगालाही नाही.

म्हणजे शेंडे वाळले २०२१मध्ये, पण झाडं खाली बसायला लागली होती ती अकरा वर्षं आधी. ग्रामसभेत आपण बोलत होतो ते तेराव्याच्या जेवणाचं, आजारपण केव्हाच होऊन गेलं होतं.

मग तो बाण. या चारही चकत्यांवर चढाच्या बाजूला काळपट, आत वळलेली चंद्रकोरीसारखी जागा होती. तिच्या दोन्ही कडांनी नंतरची वलयं ओठासारखी आत वळून जखम झाकायला धावलेली. ही आगीची खूण. चढावर वणवा खालून वर येतो. खोडाला वळसा घालून ज्वाळा चढाच्या बाजूला, खोडाच्या आडोशाला रेंगाळतात, आणि वरून घरंगळून आलेला पाचोळाही तिथेच साठलेला असतो. त्या बाजूची साल बाहेरून शाबूत दिसते, पण आतला वाढीचा थर भाजून मरतो. काही वर्षांनी साल गळते, तेव्हा खालची जखम उघडी पडते.

या खुणेला साल असतं, आणि वर्षातला महिनाही. जखम मागल्या वर्षाचं गडद लाकूड पूर्ण झाल्यावर आणि नव्या वर्षाची मोठी छिद्रं सुरू होण्याआधी बसलेली होती, नेमकी वर्षाच्या हद्दीवर. म्हणजे झाड झोपेत असताना: शिमगा ते मृग. सर्वांत खराब चकतीवर खुणा होत्या २०१०, २०१३, २०१६ आणि २०१९च्या उन्हाळ्यातल्या. बाकी तिघींवर २०१३ची नव्हती, २०१६ची सगळ्यांवर होती. एकीवर २०२२ची जास्तीची. पहिले चार उन्हाळे दुष्काळानंतरचे आहेत हे पट्ट्या बघितल्याबरोबर पोरांच्याच लक्षात आलं. २०२२चा तसा नाही. चांगल्या पावसानंतर कमरेएवढं गवत वाढतं आणि वाळल्यावर तेही तितकंच जळतं, एवढंच म्हणू शकतो. खालच्या रानात एकही खूण नाही. नाला मार्चपर्यंत ओला असतो आणि त्याच्या पात्रात जळण्यासारखं काही नसतं. वणवा पुढे सरकू नये म्हणून वनविभाग दरसाल साफ पट्टा, म्हणजे जाळरेषा, काढतो, तसली रेषा इथे निसर्गाने फुकट काढून दिलेली.

आता शेंड्याचा प्रश्न. बुंध्याशी भाजलं तर वाळायला टोकच का? याचं उत्तर मला नळ्यांच्या मापात सापडलं. वरच्या चकत्यांत शेवटच्या तीन-चार वर्षांत घट्ट लाकूड तर कमी होतंच, पण सुरुवातीची मोठी छिद्रंही लहान झाली होती. डोळ्याला फरक थोडा वाटतो, पाण्याला थोडा नसतो. नळीतून वाहणारं पाणी व्यासाच्या चौथ्या घातावर चालतं. व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मं होत नाही, सोळावा हिस्सा उरतं. ठिबकच्या नळ्या टाकणाऱ्या केळीवाल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यात जुन्या नळ्या फुग्यांसारख्या पेशींनी बुजत जातात, गाभा होतो, तिथून पाणी चढत नाही. एका बाजूने भाजलेलं खोड, दुसऱ्या बाजूला अरुंद वलय, त्यात बारीक नळ्या. पाणी जेवढं चढतं ते खालच्या फांद्या पिऊन घेतात. टोकाला पोचेपर्यंत पन्हाळ आटलेली.

न बसणाऱ्या दोन

सहापैकी चार चकत्या अशा. उरलेल्या दोन या गोष्टीत बसत नाहीत.

पाचव्या चकतीवर आगीची खूण नव्हती. तिची सुरुवातीची वलयं नखाएवढी रुंद, आणि मग दरवर्षी थोडी-थोडी अरुंद, गुळगुळीत उतार. पायऱ्या नाहीत. जाऊन खुंट पाहिला तर एकाच जुन्या मुळावर तीन खोडं. जुनी तोड झाली, बुंध्याला फुटवे आले, पहिली काही वर्षं तयार मुळांच्या जोरावर धावले, आणि नंतर तिघे एका ताटात जेवायला बसले. त्या झाडाला रोग नव्हता, गर्दी होती. त्याचा उपाय औषध नाही आणि जाळरेषाही नाही: दोन खोडं काढून एक ठेवायचं. वलय अरुंद दिसलं की झाड आजारी, असं सरसकट म्हणणारे लोक या चकतीवर फसतात. मीही आधी हिला आजाऱ्यांच्याच ढिगात टाकलं होतं.

सहावी एका वर्षात, २०१६मध्ये, धाडकन बसलेली. खूण नाही. माझा अंदाज, जखम चकतीच्या खाली, जमिनीलगत होती. आगीच्या खुणा बुंध्याशी मोठ्या आणि वर निमुळत्या होतात, आम्ही चकती कमरेएवढ्या उंचीवरून घेतली. बुंधा तोवर उचलून नेलेला. तो अंदाज अंदाजच राहिला.

त्याहून मोठा आक्षेप माझ्या एका सहकाऱ्याने घेतला, आणि तो बरोबर होता. तुम्ही पडलेली झाडं वाचलीत, वादळाने दुबळीच झाडं निवडली असणार. वरच्या रानातली चार झाडं बुंध्याशी पोकळ होऊन मोडली होती, खालची मात्र नाल्याकाठच्या भुसभुशीत मातीत मुळांसकट उपटली होती. तब्येतीची तुलना करायची तर उभी झाडं बघायला हवीत.

म्हणून जानेवारीत परवानगी काढून, ओळखीच्या संशोधकाकडून उसना आणलेला प्रेस्लरचा गिरमिट घेऊन दोन्ही रानांत सहा-सहा उभी झाडं टोचली. पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी निघते, झाड ती जखम भरून काढतं. वरच्या सहातल्या चार कांड्यांत तोच पायऱ्यांचा उतार. यातल्या दोन झाडांचे शेंडे अजून हिरवे आहेत. मला त्या दोघांची जास्त काळजी वाटते.

प्रत्येक झाडाची दुसरी कांडी आयोडीनसाठी ठेवली होती. पानगळीच्या सुमारास सागाच्या सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात वर्षभराची शिल्लक पिठूळ रूपात साठलेली असते. येत्या पालवीची आणि पहिल्या मोठ्या छिद्रांची सोय त्यातूनच होते. मेडिकलमधून आणलेलं आयोडीनचं टिंक्चर थेंबभर टाकलं. खालच्या रानातल्या कांड्यांचा पांढरा भाग बघता बघता निळा-काळा झाला, गाभ्याच्या रेघेपर्यंत. वरच्यांत फिकट निळसर चट्टे, मधे मधे नुसता आयोडीनचा पिवळा रंग. त्यातल्या एकाला काहीच रंग चढला नाही. बाबांनी ती कांडी उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले, याच्या घरात दाणा नाही.

ग्रामसभा

कांड्या आणि चकत्या ग्रामसभेत फिरवल्या. किडीचं मत मागे पडलं: पानांची जाळी दोन्ही रानांत होते आणि खालच्या झाडांनी ती सोसूनही घट्ट लाकूड बांधलं आहे. कीड निर्दोष आहे असं मी म्हणालो नाही. दाणा संपलेल्या घराला पाहुणाही जड होतो. दुष्काळाला मी साथीदार ठरवलं, मुख्य आरोपी नाही.

आगीचं बोलणं मात्र अवघड होतं, कारण आग कोण लावतं हे सगळ्यांना माहीत होतं. वरच्या रानात मोहाची झाडं जास्त. फुलं टपकायच्या आधी खालचा पाचोळा जाळला की टिपायला जमीन साफ मिळते. चैत्रातल्या त्या पंधरा दिवसांवर कित्येक घरांची वर्षाची मीठ-मिरची चालते. काडी मोहाखाली लागते, वारा सुटला की सागात जाते. बाहेरून आलेल्या मास्तराने तुम्ही काडी लावू नका सांगणं मला शोभलं नसतं, आणि मी ते सांगितलंही नाही. चकती फिरत होती. एका बाईने तिच्यावरच्या २०१६च्या ओठावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे आमचंच का?" कोणी उत्तर दिलं नाही. मग तिनेच सुचवलं की मोहाखाली झाडून पाचोळा बाजूला ओढायचा, आणि जुन्या साड्या अंथरायच्या. झाडायला वेळ जातो, त्याची मजुरी समितीने द्यावी. यावर बराच आरडाओरडा झाला, आणि शेवटी दोन गोष्टी ठरल्या: माघातच मोहाच्या प्रत्येक झाडाभोवती आळं साफ करायचं आणि वरच्या रानाच्या खालच्या कडेने जाळरेषा काढायची, ही मजुरी रोपवनाच्या प्रस्तावातल्या पैशांतून. रोपवनाचा विषय पुढच्या सभेवर गेला. तो अजून मेलेला नाही.

फुटव्यांची विरळणी करायला परवानगी लागते. अर्ज दिला आहे.

बाकी राहिली ती मोजणी. चकती मिळायची तर झाड पडावं लागतं, म्हणून पोरांनी उभ्या झाडांना पट्टे बांधले. डब्याच्या पत्र्याची अरुंद पट्टी, सायकलच्या दुकानातून आणलेली स्प्रिंग, पत्र्यावर खिळ्याने ओरखडा. सागाची साल सैल असते, आधी ती हळूच खरवडून घ्यावी लागते, नाहीतर पट्टा झाडाऐवजी सालपट मोजतो. वीस झाडं, दहा वर, दहा खाली. दर अमावास्येला वाचन. एप्रिल-मे मध्ये दोन्हीकडचे पट्टे सैल पडले तेव्हा पोरं घाबरली. खोड उन्हाळ्यात पाणी हरवून किंचित आकसतं, पावसाने पुन्हा फुगतं, तेव्हा जुलैआधीच्या आकड्यांवर काही बोलू नये एवढं त्यांना सांगितलं. खालच्या रानातले ओरखडे आषाढापासून सरकायला लागले. वरच्या रानात दहापैकी सहा सरकले. चार नंबरचं झाड, आयोडीनने ज्याचा रंग बदलला नव्हता ते, पोळ्याच्या अमावास्येपर्यंत जागेवरच होतं. नऊ नंबरचा पट्टा माकडांनी तोडला. तो नवीन बांधला आहे.